पुढचं आधी भरायचं

पनवेलला विमानतळ यायच्या कितीतरी आधी विमानतळावरच्या नोकऱ्यांचे क्लास आले. त्यातल्या एकात मी शिकवायला होतो. खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर आम्ही. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाला उलटं उतरावं लागे. वर दोन खोल्या. एकीत संचालक बसत, दुसरीत मी 'विमानशास्त्राची मूलतत्त्वे व उड्डाणसेवेचे कामकाज' हा विषय शिकवत असे. नाव बोर्डावर मावेना म्हणून संचालकांनी बोर्ड मोठा करून घेतला. माझं ज्ञान होतं तेवढंच राहिलं.

मी तेव्हा तिशीला आलो होतो आणि विमानात एकदाही बसलो नव्हतो.

हे इथंच सांगून टाकतो, कारण तेव्हा सांगितलं नव्हतं. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, दहावी-बारावीच्या शिकवण्या घेणारा. संचालकांचा आधी टायपिंगचा क्लास होता. टायपिंग बसलं आणि विमानतळाची हवा सुरू झाली, तशी त्यांनी मशीन भंगारात काढली आणि भिंतीवर जगाचा नकाशा लावला. माझी मुलाखत त्यांनी एकाच प्रश्नात घेतली. विमान का उडतं? मी फळ्यावर पंख काढला, वरून हवा, खालून हवा, भरपूर बाण काढले. त्यांना बाण आवडले. म्हणाले, "सर, ज्ञान येतं हळूहळू. आधी आत्मविश्वास लागतो, तो तुमच्याकडे दिसतोय." आणि लगेच मला ब्लेझरच्या मापाला पाठवलं.

तो ब्लेझर निळा, सोनेरी बटणांचा, खिशावर जरीचे दोन पंख. शिंपी पनवेलचाच. लग्नाच्या बँडवाल्यांचे कपडे तोच शिवायचा, आणि हात बसलेला असल्यामुळे खांद्यावर झालर लावायचा मोह त्याला कसाबसा आवरला होता. टाय सक्तीची. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखालच्या खोलीत मी बाष्पीभवनाचा चालताबोलता प्रयोग होतो.

पहिल्याच दिवशी मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, तुम्ही किती वेळा गेलात विमानानं?"

"मोजलं नाही कधी," मी म्हणालो.

शून्य मोजावं लागत नाही, म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो, असं मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत स्वतःला समजावत होतो. मी राहायला रोडपालीत. गच्चीवर उभं राहिलं की संध्याकाळी मुंबईकडे उतरणारी विमानं दिव्यांची माळ लावल्यासारखी दिसत. तेवढाच माझा उड्डाणसेवेचा अनुभव. बाकी सगळं दोन जुन्या पुस्तकांतलं, त्यातल्या एकाची मधली पानं गळालेली. त्यामुळे काही प्रकरणं मी सुरुवात आणि शेवट एवढ्याच बळावर शिकवत असे.

पण वर्ग रंगायचा, हे मान्य करावं लागेल. प्लास्टिकच्या खुर्च्या तीन-तीनच्या ओळींत लावून मधे वाट ठेवायची. श्रीखंडाच्या डब्याला इलास्टिक बांधून ऑक्सिजनचा मास्क. सीटबेल्टला माझ्या वडिलांचा जुना पट्टा. आधी स्वतःचा मास्क लावायचा, मग शेजारच्याचा, हे शिकवताना डब्याला वेलचीचा वास यायचा आणि मुलांना भूक लागायची. एखादा प्रश्न अंगावर आला तर माझ्याकडे ठरलेलं उत्तर होतं, "हा प्रगत प्रश्न आहे, पुढच्या आठवड्यात घेऊ." विमानातल्या संडासाचं पाणी कुठं जातं, वीज पडली तर काय होतं, दार उघडं राहिलं तर कळतं कसं. पुढच्या आठवड्यात.

मुलं कळंबोलीची, उलव्याची, उरणकडची. बहुतेकांना आत, केबिनमध्ये काम हवं होतं. एकच मुलगी अशी की जिला खाली, विमानाच्या पोटापाशी काम हवं होतं. करंजा बंदराच्या कोळ्यांची. बी.कॉम. झालेली, विशीतली, रोज दोन गाड्या बदलून यायची आणि दाराशी बसायची. केबिनच्या कामासाठी एका ठिकाणी तिची उंची कमी भरली होती. ती म्हणाली, "सर, हसून चहा देण्यात मला एवढी मजा पण वाटत नव्हती. ते वजनाचं काम असतं ना, ते मला शिकवा."

वजनाचं काम म्हणजे लोड कंट्रोल. विमानात माणसं किती, सामान किती, इंधन किती, आणि मुख्य म्हणजे कुठलं वजन कुठं बसलंय, हे एका कागदावर मांडायचं. भार पुढे-मागे कितपत चालतो याच्या मर्यादा ठरलेल्या असतात, त्यात तो बसला पाहिजे. त्या कागदावर, म्हणजे लोडशीटवर, सही होऊन तो वैमानिकाच्या हातात पडल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. मला या प्रकरणाचा फार उत्साह. त्याची पानं शाबूत होती, पण जरा कंटाळवाणी होती, म्हणून मी ती चाळली होती आणि उरलेलं डोक्यानं जुळवलं होतं.

डोक्यानं जुळवलेलं असं. विमान नाक वर करून उडतं. म्हणजे नाक हलकं पाहिजे. म्हणजे सामान मागच्या खणात आधी भरायचं, मग उरेल ते पुढच्या. माझ्यातल्या शिक्षकाला इथं आणखी एक झटका आला. विद्यार्थ्याच्या जगण्यातलं उदाहरण द्यावं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी तिलाच उभं केलं.

"तुमची बोट निघते तेव्हा बर्फ कुठं भरतात? पुढे की मागे?"

"मागच्या अंगाला जास्त, सर. पुढं जड झाली तर तोंड लाटेत घुसतं."

"बसा. ऐकलंत सगळ्यांनी? बोट काय, विमान काय. तोंड हलकं, पाठ जड."

वर्गानं वहीत उतरवून घेतलं. ती मात्र उभीच राहिली.

"सर, पण बोट सगळीकडून पाण्यावर टेकलेली असते. विमान भरताना तर चाकांवर उभं असतं ना? तेव्हा काय?"

मी म्हणालो, "प्रगत प्रश्न आहे."

पुढच्या आठवड्यात तिला मुंबईच्या एका कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं. लोड कंट्रोलची शिकाऊ जागा. गुरुवारी सकाळी नऊला हजर राहायचं, सामान भरण्याचा आराखडा कागदावर मांडून दाखवावा लागेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. आमच्या क्लासच्या इतिहासात असं पत्र पहिल्यांदाच आलं होतं. संचालकांनी त्याची झेरॉक्स काढून नकाशाशेजारी लावली. तिच्या घरचं वेगळंच होतं. पुढच्या महिन्यापासून आईबरोबर बंदरावर उभं राहायचं, असं घरात ठरत आलं होतं. या पत्रासाठी तेवढं थांबले होते. हे पुन्हा येईल अशी कुणाचीच खात्री नव्हती, तिची तर अजिबात नाही.

मंगळवारी मी तिची तयारी करून घेतली. आधी मागचा खण, मग पुढचा. वर बोटीचा दाखला. "बोटीचं सांगायचंच," मी बजावलं, "दुसऱ्या कुणाला असं उत्तर सुचणार नाही." हे मात्र शंभर टक्के खरं होतं. अकरा वेळा तिच्याकडून म्हणून घेतलं. अकराव्या वेळी ती एकदाही अडखळली नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी क्लासमागच्या आळीत एका काकांकडे गेलो. हे काका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, जन्म पनवेलचाच, उभी नोकरी विमान कंपनीच्या लोड कंट्रोलमध्ये. मुलं तिकडे इस्राएलला स्थायिक झाली, हे मात्र इथंच राहिले, सकाळी पेपर आणि संध्याकाळी तळ्याला दोन फेऱ्या. शनिवारी त्यांचं दार वाजवायचं नाही, एवढं सोडलं तर कधीही जावं. आता तुम्ही विचाराल की असा माणूस हाकेच्या अंतरावर असताना मी आधी का गेलो नाही. त्याचं कारण तेच. असा माणूस हाकेच्या अंतरावर होता.

मला त्यांच्याकडून खऱ्या लोडशीटचा एखादा जुना कोरा कागद हवा होता. मुलीला हाताळायला बरा.

"तुझा आवाज येतो खिडकीतून," ते म्हणाले. "शब्द कळत नाहीत, पण जोर जबरदस्त असतो. काय शिकवलंस तिला?"

मी सांगितलं. बोटीसकट सांगितलं, जरा कौतुकाच्या अपेक्षेनं.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला नाही. माझा चेहरा स्पष्ट दिसू नये असं बहुधा त्यांना वाटलं असावं.

"मागचा खण आधी?"

"हो. नाक हलकं राहतं."

"राहतं ना. इतकं हलकं राहतं की नाक जातं आभाळात आणि शेपूट बसतं जमिनीवर. जागच्या जागी. अरे, विमानाचा सगळा भार मधल्या चाकांवर. पुढचं चाक म्हणजे नुसता टेकू, त्याच्यावर थोडासाच भार. मधली चाकं तोल साधायच्या जागेच्या जरा मागे असतात. तू मागे भरत गेलास, पुढे काही नाही, माणसं अजून चढायची आहेत. तोल चाकांच्या मागे गेला की संपलं. पुढचा खण आधी भरायचा. आणि उतरवताना?"

"मागचा आधी," मी पुटपुटलो.

"हुशार आहेस," काका म्हणाले. "आणि हवेत भार मर्यादेबाहेर मागे गेला, तर नाक वैमानिकाचं ऐकत नाही. मर्यादेच्या आत थोडा मागे असला तर इंधन वाचतं, हेही खरं. पण ते मोजून, कागदावर. तू मात्र त्या पोरीला बोट देऊन पाठवतोयस. कधी आहे मुलाखत?"

"उद्या."

काकांनी आता चष्मा घातला आणि कोऱ्या लोडशीटचे चार कागद माझ्या हातात कोंबले. "मग इथं काय करतोयस?"

तिच्या घरी मोबाइल एकच, आणि तो बोटीबरोबर समुद्रावर जायचा. लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. बुधवारी वर्गाला ती येणारच नव्हती, सुट्टी मीच दिली होती, "शांत डोक्यानं उजळणी कर" म्हणून. काय उजळणी करत असेल ते मला तोंडपाठ होतं. संचालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सर, जाऊ नका. मुलीचा आत्मविश्वास जाईल."

"चुकीच्या उत्तरावरचा आत्मविश्वास आहे तो."

"पण आहे ना?"

मी निघालो. ब्लेझर काढायचं भान राहिलं नाही. उरणची एस.टी. बंदराच्या रस्त्याला लागली आणि कंटेनरच्या ट्रेलरांमागे तासभर उभी राहिली. त्या तासात मी मनातल्या मनात सात प्रकारची वाक्यं तयार केली. 'या विषयात दोन विचारप्रवाह आहेत.' 'नवीन नियमांनुसार.' 'काल मी मुद्दाम चुकीचं सांगून तुझी परीक्षा घेतली.' हे शेवटचं मला उरण येईपर्यंत बरंच पटायला लागलं होतं.

उरणहून सहा आसनी रिक्षात अकरावा होऊन करंज्याला उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बोटी लागल्या होत्या, धक्क्यावर लिलाव चालू होता. बोंबील, मांदेली, कोळंबीचे ढीग, भोवती बायकांची कोंडाळी, बर्फाचा चुरा, पायाखाली ओल. त्यात मी, सोनेरी बटणं आणि टाय. एका बाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेजारणीला विचारलं, "बँडवाले कधी आले? कुनाचं लगीन हाय आज?"

"एकलाच आलाय," शेजारीण म्हणाली. "बाकीचे मागून येत आसतील. ओ, तुमचा ढोल कुठं हाय?"

मी मुलीचं नाव सांगून विचारलं. तेवढ्यात तीच समोर आली. कमरेला पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले. वर्गात ती ज्या मराठीत बोलायची, ती मराठी इथं तिच्याकडे नव्हती.

"सर? तुमी हितं?"

"थोडं बोलायचं होतं. उद्याबद्दल."

तिचा चेहरा उतरला. "रद्द झालं काय?"

"नाही, नाही. मुलाखत आहे. उत्तर रद्द झालंय."

सात वाक्यांतलं एकही आठवलं नाही. ज्या परीक्षेच्या बहाण्यावर माझा एवढा जीव होता, तोही तोंडातून निघेना. मी सरळ सांगितलं की मी चुकीचं शिकवलं. खण उलटे शिकवले. काकांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, "अकरा वेळा म्हनून घेतलंत."

"हो."

"मी इचारलं होतं तुमाला. चाकांवर उभं आसतं तवा काय."

"विचारलं होतंस. तेच बरोबर होतं."

"तुमी म्हनालात, प्रगत प्रश्न."

"मला येत नव्हतं," मी म्हणालो. आणि एकदा बूच निघालं की आतलं सगळंच येतं, तसं पुढचंही आलं. "मी कधी विमानात बसलेलो नाही. एकदाही नाही."

तिनं ओले हात पदराला पुसले. बोलली तिची आई, जी तोवर मागे उभी राहून पाट्या मोजत होती आणि कान आमच्याकडे होते.

"म्हंजे मास्तर, तुमी किनाऱ्यावरचे तांडेल, बोटीत पाय न ठेवता बोट हाकनारे." आजूबाजूच्या चार-पाच जणी हसल्या. मग ती माझ्याकडे बघून जरा नरमली. "पन आलात ना सांगायला. चला, उभे हाव तर हात लावा. बरफ पानी होतंय. त्या पेट्या गाडीवर चढवा."

शेजारी हातगाडी उभी होती. मधे दोन चाकं, पुढे दांडीला एक लाकडी टेकू लावलेला, मागं काहीच नाही. मला काहीतरी करून दाखवायची इतकी निकड होती की मी टाय खांद्यावर टाकली, बर्फमासळीची एक भरलेली पेटी उचलली आणि जवळ पडत होती म्हणून गाडीच्या मागच्या टोकाला ठेवली. दुसरी तिच्यावर ठेवली. तिसरी उचलली तेव्हा कुणीतरी "अवो, अवो" म्हणालं, पण मला ते प्रोत्साहन वाटलं.

तिसरी ठेवताक्षणी पुढची दांडी वर गेली, गाडी मागे बसली आणि तिन्ही पेट्या धक्क्यावर आल्या. बर्फ गुडघ्यापर्यंत, बोंबील बुटांत. एक बोंबील जरीच्या पंखांना चिकटला.

धक्क्यावर क्षणभर सगळं थांबलं, लिलावसुद्धा.

"सर," मुलगी म्हणाली, "शेपूट टेकलं."

आणि मग ती हसायला लागली. खाली बसून, ओल्या हातांनी तोंड झाकून हसत होती, तिच्याबरोबर आई, तिच्याबरोबर सगळा धक्का. थोड्या वेळापूर्वी मी जे शब्दांनी समजावलं होतं, ते तिला आत्ता कळलं होतं. खरं सांगायचं तर मलाही आत्ताच कळलं.

आईनं गाडी पुन्हा टेकूवर आणली. "मास्तर, आधी पुढं. पुढं भार बसला का मग मागं. सोडताना मागचं आधी काढायचं, नायतर हेच. आमच्या गाडीवाल्याला इचारा, त्याला विमानाची गरज नाय."

"पुढचं आधी भरायचं," मी म्हणालो.

"हां. आता उचला."

मी उचलल्या. मुलगी दुसऱ्या बाजूनं लावत होती आणि लावता लावता बोलत होती, स्वतःशीच, पण मला ऐकू येईल असं. चाकं म्हणजे ही चाकं. टेकू म्हणजे नाकाचं चाक. पुढचा खण, मागचा खण. माणसं पुढच्या दारानं आधी उतरून गेली आणि मागं सामान तसंच राहिलं, तरी हेच होणार ना? मी म्हणालो, होणार. हे मी कुठं वाचलेलं नव्हतं. पण गाडी समोर होती. मग उपड्या पेट्यांवर बसून आम्ही काकांच्या कोऱ्या कागदांवर तीन आराखडे मांडले. कागदांना बोंबलाचा वास लागला. चौथ्याला ती म्हणाली, "आता बास, सर. आता म्हनून नका घेऊ. आता माझं मला येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती मुंबईत होती त्या वेळी, मी वर्गात सगळ्यांना वहीतलं ते पान फाडायला सांगितलं. आणि विमानाचंही सांगितलं. मग मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "सर, आम्हाला साधारण कल्पना होती. तुम्ही नेहमी विमान खालून कसं दिसतं तेवढंच सांगता." संचालकांनी दारातून हे ऐकलं आणि दुपारी मला बोलावून घेतलं. काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, तुमचे ते काका आठवड्यातून दोन दिवस येतील का. काका यायला लागले. शनिवार सोडून. ते बसून शिकवायचे, मी फळा पुसायचो आणि मागच्या रांगेत बसून वहीत लिहून घ्यायचो.

ती शुक्रवारी आली. जिना चढून आल्यावर दम खात दारात उभी राहिली. मुलाखतीत काय झालं, हे विचारायचं धैर्य मला होईना, म्हणून मी फळा पुसत राहिलो, जो आधीच पुसलेला होता.

"विचारलं त्यांनी," ती आपणहून म्हणाली. परत वर्गातली मराठी. "आराखडा दिला, मी मांडला. पुढचा खण आधी. का, म्हणाले. मी चाकांचं सांगितलं. ते ठीक होतं."

"मग?"

"मग त्यांच्यातल्या एक मॅडम होत्या, त्यांनी वेगळंच विचारलं. समजा तुम्ही सही केली, कागद वैमानिकाकडे गेला, दारं लागली. आणि मग तुमच्या लक्षात आलं की तुमचंच चुकलंय. सगळे घाईत आहेत, वरचे ओरडतायत. काय कराल?"

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, थांबवणार. जाऊन सांगणार की माझं चुकलं." ती थांबली. "मॅडम म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात. प्रत्यक्षात सगळ्यांसमोर लाज वाटते. मी म्हटलं, वाटते, खूप वाटते. लोक हसतात पण. पण त्यानं काय होत नाय." शेवटचं वाक्य तिच्या घरच्या बोलीत आलं, तिच्याही नकळत. "त्या म्हणाल्या, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, कालच बघितलंय."

मी डस्टर खाली ठेवलं.

"सोमवारपासून बोलावलंय," ती म्हणाली. "पहाटेची पाळी. आई म्हणते, पहाटेच उठायचं तर बंदर काय वाईट होतं. पण डबा देणार आहे."